बाप्तिस्म्यासाठी आलेले तिसरे बाळ

नोकरीतल्या बऱ्याच घटना आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कोणता पंचनामा कोणत्या गल्लीत केला, हे जुन्या डायऱ्या उघडल्याशिवाय मला सांगता येत नाही. पण एका रविवारी सकाळी साध्या कपड्यांत मी चर्चच्या शेवटच्या बाकावर बसलो होतो, ती सकाळ मात्र अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते. पोलिसाच्या आठवणी म्हटल्या की लोकांना रक्तपात ऐकायचा असतो. ही आठवण तशी नाही. हिच्यात शेवटी माझ्या स्टेशनात म्हैसूरपाक वाटला गेला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा बेंगळुरूच्या दक्षिण भागातल्या एका स्टेशनचा इन्स्पेक्टर होतो. आमचे घराणे इथले जुने मराठी. पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. घरी आम्ही मराठी बोलतो, पण ती ऐकून पुण्याचे पाहुणे तोंडावर हात धरून हसतात. स्टेशनात सगळा कारभार कन्नडमध्ये चाले. तेव्हाचे बोलणे मी इथे माझ्या मराठीत लिहीत आहे. नावे कोणाचीच देत नाही.

सकाळी साडेदहाच्या सुमाराला आमच्या हद्दीतल्या एका प्रसूतिगृहातून फोन आला. तीन दिवसांची मुलगी पाळण्यातून नाहीशी झाली होती. मी जीप काढली. वॉर्डात पोहोचलो तेव्हा बाळाची आई कॉटवर बसून समोरच्या भिंतीकडे पाहत होती. रडत नव्हती. बनशंकरीच्या देवळाकडे फुले विकणारी बाई. नवरा ऑटोरिक्षा चालवायचा. त्यांना आधीच्या दोन मुली होत्या. ही तिसरी.

कॉटजवळ बाळाची आजी, म्हणजे त्या बाईची सासू, जमिनीवर बसली होती. सून झोपली होती तेव्हा बाळ हिच्याच ताब्यात होते. ती म्हणाली, "मी गरम पाणी आणायला गेले. आले तर पाळणा रिकामा."

"किती वेळ गेला असेल?"

"पाणी भरायला लागतो तेवढा."

"कुणाला बघितलंत?"

"नाही."

वॉर्डातल्या आयाने मला बाजूला घेतले. मुलगी झाली तेव्हा म्हातारीने कपाळावर हात मारून "परत मुलगीच!" म्हटले होते आणि सुनेशी दिवसभर बोलली नव्हती, असे तिने सांगितले. दुसऱ्या दोन बायांनी त्याला दुजोरा दिला. बाकी वॉर्डात कोणीही परके माणूस पाहिलेले नव्हते. भेटायला येणाऱ्यांची गर्दी इतकी, की पाहिले असते तरी लक्षात राहिले नसते.

एफआयआर नोंदवली, भारतीय दंड संहितेचे कलम ३६३, अपहरण. बाळाच्या डाव्या कानामागे तांदळाएवढी लालसर खूण होती, ती आईने सांगितली आणि मी तिथल्या तिथे लिहून घेतली. मनगटाला आजीने बांधलेला काळा दोरा होता. बसस्टँड, रेल्वे स्टेशन, सगळीकडे वायरलेसवरून वर्णन गेले. पण खरे सांगायचे तर माझ्या डोक्यात संशयित त्याच सकाळी ठरला होता. तिसरी मुलगी नको असलेली सासू. अशा केसेस मी आधी पाहिल्या होत्या. पोलिसाला अनुभव कामाला येतो, आणि कधी कधी तोच त्याच्या डोळ्यांवर झापड घालतो.

दुसऱ्या दिवसापासून मी आजीची चौकशी सुरू केली. सकाळी महिला हेड कॉन्स्टेबल तिला घेऊन यायची, संध्याकाळी घरी सोडायची. मी टेबलावर हात आपटले, आवाज चढवला. "बाळ कुणाच्या हवाली केलंस? विहिरीत टाकलंस की काय?" हे वाक्य मी एका सत्तरीच्या बाईला उद्देशून बोललो होतो. ते आज लिहितानासुद्धा लाज वाटते. ती माझ्याकडे पाहायची आणि गप्प राहायची. तिचे गप्प राहणे मला गुन्ह्याची कबुलीच वाटायचे. तिचा मुलगा, तो ऑटोवाला, तिसऱ्या दिवशी स्टेशनात येऊन तिलाच म्हणाला, "अम्मा, तू केलं असशील तर सांगून टाक. मी तुझं तोंड बघणार नाही, पण बाळ तरी मिळेल."

त्यावर तिने पदर तोंडावर ओढून घेतला.

त्या दिवशी दुपारी मी एसीपी साहेबांकडे गेलो होतो. परत आलो तर माझी हेड कॉन्स्टेबल आतल्या खोलीत जमिनीवर बसली होती आणि म्हातारीच्या पुढ्यात तिचा डबा होता. ही हेड कॉन्स्टेबल ख्रिस्ती, चाळिशीची, बारा वर्षांची नोकरी झालेली. डब्यात चित्रान्न होते, लिंबू पिळलेला पिवळा भात. तिने अर्धा भात झाकणात काढून आजीला दिला होता. आजी एक एक घास सावकाश खात होती आणि खाता खाता रडत होती. हेड कॉन्स्टेबलने मला डोळ्यांनीच दारात थांबायला सांगितले.

"अज्जी, तीन दिवस जेवला नाहीत?" तिने विचारले.

"ते पिल्लू जेवलं का नाही, ते कळल्याशिवाय घास उतरत नव्हता."

"मग आज कसा उतरला?"

"तू जेव म्हणालीस म्हणून. तीन दिवसांत कोणी म्हणालं नव्हतं."

मग ती आपणहून बोलायला लागली. मी दारातच उभा राहिलो.

"बोलले मी, परत मुलगीच असं. जिभेला हाड नसतं. पण दुसऱ्या दिवशी तिनं माझं बोट धरलं, आणि मी दृष्ट लागू नये म्हणून दोरा बांधला. बाळ गेलं त्या दिवशी एक बाई आली. गळ्यात बारीक क्रूस होता. आधीचे दोन दिवसही ती वॉर्डात यायची, आजाऱ्यांना बनपाव द्यायची. मला म्हणाली, अज्जी, तुम्ही पाणी घेऊन या, तोवर मी धरते. मी दिलं. मीच दिलं माझ्या हातानं." ती थांबली. "कुणाला सांगू हे? आधीच बोलून बसले होते. मीच बाळ देऊन टाकलं म्हणाले असते सगळे."

म्हातारी तीन दिवस लपवत होती ते एवढेच. गुन्हा तिने केला नव्हता. आपल्या बोलण्याची तिला इतकी शरम वाटत होती, की खरे सांगितले तरी कोणी विश्वास ठेवणार नाही अशी तिची खात्री झाली होती. आणि माझ्याकडे पाहून तिची ती खात्री पक्कीच झाली असणार.

मी आत जाऊन तिच्यासमोर खाली बसलो. "अज्जी, ती बाई काही बोलली? बाळाशी काही?"

"बोलत कसली, गुणगुणत होती. कन्नड नव्हतं, तमिळही नव्हतं. मोगा... मोगाचे बाय, असं काहीसं."

हे ऐकून मी ताठ बसलो. लहानपणी आमच्या गल्लीत मंगळूरकडची दोन ख्रिस्ती घरे होती. त्यांची कोंकणी मला समजायची, कारण ती मराठीची बहीणच. त्या घरांतल्या आया मुलांना निजवताना 'मोगाचें बाय' म्हणायच्या. मोग म्हणजे माया. माझ्या लाडाची पोर. बाळ नेणारी बाई मंगळूरकडची कोंकणी ख्रिस्ती होती, आणि बाळ विकायला नेणारी माणसे असे गुणगुणत नाहीत. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटले, की पोर जिवंत आहे आणि ज्या हातांत आहे तिथे तिचे हाल होत नसावेत.

आजीला घेऊन मी ऑटोवाल्याच्या घरी गेलो ते थेट बाळाच्या आईच्या कानावर हे घालायला. फुलवाल्या बाईने सगळे ऐकून घेतले. ती सासूवर ओरडेल असे मला वाटले होते. ती फक्त सासूला म्हणाली, "अत्ते, मला उठवायचं तरी. मीही झोपूनच राहिले ना." मग सासूने तिला जे सांगितले ते मी विसरलेलो नाही. "रडत बसू नकोस. दूध काढत जा रोज. आटू देऊ नकोस. बाळ येईल तेव्हा काय पाजशील?"

तपासाची दिशा बदलली. शहराच्या दक्षिण भागात कोंकणी मिस्सा जिथे होते त्या चर्चमध्ये मी आणि हेड कॉन्स्टेबल एकेक करून गेलो. मिस्सा म्हणजे त्यांची सामूहिक उपासना. कल्पना हेड कॉन्स्टेबलची होती. "सार, बाळ कुणाचंही असो, ती बाई त्याचा बाप्तिस्मा केल्याशिवाय राहणार नाही. आमच्यात बाळ झालं की पहिलं काम तेच."

एका चर्चमधले फादर वयाने साठीच्या पुढचे, शांत, थोडे ऐकू कमी येणारे. मी त्यांना प्रकरण सांगितले आणि पोलिसी सवयीने विचारून टाकले, "कुणी तुमच्याकडे पापाची कबुली द्यायला आलं असेल तर?"

ते हसले. "आलं असतं तरी मी सांगितलं नसतं, इन्स्पेक्टर. ते माझ्या हातात नाही. पण एक सांगतो, कुणी आलं असतं तर एव्हाना बाळ घरी पोहोचलं असतं."

"ते कसं?"

"चोरी कबूल केली की क्षमा मिळते असं लोकांना वाटतं. अर्धंच खरं आहे ते. दुसऱ्याचं घेतलेलं जवळ ठेवून क्षमा मिळत नाही. परत करावं लागतं. पश्चात्तापाचा अवघड भाग तो. रडणं सोपं असतं."

बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत कागदपत्रांशिवाय कुणी नाव घातले तर कळवा, एवढी विनंती करून मी निघालो. पुढचे दोन आठवडे काहीच हाती लागले नाही. ऑटोवाला रोज सकाळी पहिली फेरी करण्याआधी स्टेशनात यायचा, नोंदी ठेवणारा स्टेशन रायटर नाही म्हणून मान हलवायचा, तो परत जायचा.

एका शनिवारी दुपारी त्या फादरांचा फोन आला. "उद्या तीन बाळांचा बाप्तिस्मा आहे. दोघांचे जन्माचे दाखले आहेत. तिसऱ्याचा नाही, गावी जन्म झाला, नंतर आणून देतो म्हणालेत. मी कुणावर आरोप करत नाही. दाखला नसणं म्हणजे गुन्हा नव्हे. पण तुम्ही त्या आईबद्दल सांगितलं होतं, ते माझ्या मनातून जात नाही."

फादरांनी दिलेल्या पत्त्यावर गेलो. घराला कुलूप होते. शेजारणीने कौतुकाने सांगितले, की नवरा जहाजावर स्वयंपाकी आहे, आठ-नऊ महिन्यांनी परत आला आहे; बायको बाळंतपणाला गावी गेली होती, नुकतीच बाळाला घेऊन आली; आज सगळे थोरल्या दिरांकडे जेवायला गेलेत, उद्या तिकडूनच चर्चला येतील. दिरांचा पत्ता तिला ठाऊक नव्हता. तेवढ्यावर कुणाला पकडणे शक्य नव्हते. खरोखरच त्यांचे बाळ असले तर? आजीच्या बाबतीत मी एकदा घाई केलीच होती.

रविवारी सकाळी मी, हेड कॉन्स्टेबल आणि आजी असे तिघे चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसलो. बाहेर साध्या कपड्यांत दोन माणसे ठेवली होती. आजी आयुष्यात पहिल्यांदा चर्चमध्ये आली होती. तिने चपला बाहेर काढल्या, आत येताना उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि पदर घट्ट ओढून बसली.

"दिसते का अज्जी?" मी हळूच विचारले. पुढच्या रांगेत तीन जोडपी बसली होती, मांडीवर पांढऱ्या झालरीच्या झग्यांतली बाळे.

"लांब आहे रे. सगळ्या बायांची डोकी झाकलेली. काय कळणार?"

मिस्सा चालू झाली. एका टप्प्यावर लोक रांगेने पुढे जाऊन प्रसाद घेतात, त्याला ते कम्युनियन म्हणतात. पुढच्या रांगेतली माणसे उठली. हेड कॉन्स्टेबल माझ्या कानाशी वाकली. "सार, तिसऱ्या जोडप्याकडे बघा. बाई उठली नाही."

"मग?"

"मनावर मोठं पाप असलं की आम्ही कम्युनियन घेत नाही. स्वतःच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला आई बसून राहते का? आणि नवराही उठला नाही."

मिस्सा संपली. तिन्ही जोडपी पाण्याच्या दगडी कुंडाभोवती उभी राहिली. तेवढ्यात तिसरे बाळ रडायला लागले. बाई त्याला छातीशी धरून डुलायला लागली आणि गुणगुणायला लागली. चर्च शांत होते. आवाज मागपर्यंत आला.

आजीने माझे मनगट पकडले. तिच्या बोटांत एवढी ताकद असेल असे मला वाटले नव्हते. "हीच. हीच ती."

मी उठलो. पण तेवढ्यात फादरांनी पालकांना त्यांचा ठरलेला प्रश्न विचारायला सुरुवात केली होती. पापाचा त्याग करता का? पहिले जोडपे म्हणाले, करतो. दुसरे म्हणाले, करतो. मी अर्धवट उभाच होतो.

तिसऱ्या बाळाचा बाप काही बोलला नाही.

फादरांना वाटले त्याला ऐकू आले नाही. त्यांनी पुन्हा विचारले.

तो तिशीचा, उन्हाने रापलेला, नवा कोट घातलेला माणूस होता. कोटाच्या बाह्या लांब झाल्या होत्या. त्याने कुंडाच्या कडेवर हात ठेवला. "फादर, मला करतो म्हणता येत नाही. हे बाळ आमचं नाही."

कोणीतरी "जेजू", म्हणजे येशू, म्हणाले. त्याची बायको जागच्या जागी खाली बसली, बाळाला न सोडता. तो तिच्याजवळ गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, "दे. देऊन टाकूया. मी आहे ना." अगदी हळू म्हणाला, पण इतक्या शांततेत सगळ्यांनाच ऐकू गेले.

मी पुढे जायला निघालो, त्याआधीच माझ्या शेजारून आजी निघाली होती. मधल्या वाटेने अनवाणी, पदर सावरत, म्हातारी चालत गेली. कोणीही तिला अडवले नाही. त्या माणसाने वर पाहिले. ही कोण हे त्याला कुणी सांगितले नव्हते. पण तिने ज्या तऱ्हेने हात पुढे केले, त्यावरून त्याला कळले असावे. त्याने बायकोच्या हातांतून बाळ अलगद काढले आणि आजीला दिले. आजीने सर्वांत आधी डावा कान बाजूला करून पाहिला. तांदळाएवढी लालसर खूण. मग तिने बाळाचा चेहरा स्वतःच्या गालाला लावला आणि मोठ्याने हसली. चर्चमध्ये तशी हसलेली बाई मी त्याआधी पाहिली नव्हती.

बाईला ताब्यात हेड कॉन्स्टेबलने घेतले, बेड्या नाहीत, खांद्यावर हात ठेवून. जीपमध्ये बसण्याआधी मी आजीला म्हणालो, "अज्जी, मी तुम्हाला जे बोललो, ते माझं चुकलं."

ती बाळाकडेच बघत म्हणाली, "तुमचं स्वल्प चुकलं. माझं जास्त." आणि मग लगेच, "हळू चालवायला सांगा त्याला. खड्डे आहेत."

स्टेशनात आईला बोलावून घेतले होते. बाळाची ओळख पटवण्याचा पंचनामा, वैद्यकीय तपासणी, मॅजिस्ट्रेट साहेबांच्या घरी जाऊन ताब्याचा आदेश, हे सगळे रीतसर झाले. पण त्याआधी तिने बाळाला घेतले ते रायटरच्या खोलीत, आणि आम्ही सगळे पुरुष बाहेर व्हरांड्यात उभे राहिलो. थोड्या वेळाने हेड कॉन्स्टेबल बाहेर आली. तिचे डोळे ओले होते. "पिते आहे, सार," ती म्हणाली. अठरा दिवस त्या बाईने दूध आटू दिले नव्हते. ऑटोवाला भिंतीला टेकून खाली बसला. मग उठून धावत गेला आणि बेकरीतून म्हैसूरपाकाचे दोन डबे घेऊन आला. लॉकअपमध्ये एक पाकीटमार होता, त्यालाही त्याने गजांतून तुकडा दिला. डॉक्टरांनी वजन करून सांगितले, बाळ चांगले भरले आहे. हे ऐकून आईने मला विचारले, "म्हणजे तिनं उपाशी नाही ठेवलं?"

"नाही."

"सरी," ती म्हणाली. म्हणजे ठीक. आणि तिने बाळाला पुन्हा पदराखाली घेतले.

आरोपी बाईचा जबाब मी संध्याकाळी घेतला. आवाज चढवण्याची गरज पडली नाही. तिचे दोन गर्भ आधी गेले होते. नवरा जहाजावर गेला तेव्हा तिसऱ्या वेळी दिवस राहिले होते, तेही पाचव्या महिन्यात गेले. ते त्याला पत्रातून कळवण्याचे धैर्य तिला झाले नाही. पत्रांत ती आनंदाच्या गोष्टी लिहीत राहिली, बाळ पोटात लाथा मारते म्हणून. शेजारणींसमोर पोटाला कापड बांधून फिरली. शेवटच्या महिन्यात गावी जाते म्हणून सांगितले आणि बनशंकरीकडे खोली घेऊन राहिली. एक खोटे जगवायला दुसरे, दुसरे जगवायला तिसरे. त्याच्या परतण्याची तारीख आली आणि तिला खोट्याला खरे हात-पाय द्यायचे होते.

"रोज रात्री बाळाला झोपवताना त्याच्या आईचा चेहरा दिसायचा," ती म्हणाली. "तीन वेळा मी पापाची कबुली द्यायला चर्चमध्ये रांगेत उभी राहिले. तिन्ही वेळा माझा नंबर येण्याआधी घरी आले."

"का?"

"फादरनी क्षमा केली असती. पण बाळ परत दे म्हणाले असते."

तिच्या नवऱ्याला शनिवारी संध्याकाळी कळले होते. बाप्तिस्म्याची मेणबत्ती शोधताना त्याला तिने दिरांकडे बरोबर नेलेल्या पेटीत तान्ह्या मनगटाचा काळा दोरा सापडला. कुणीतरी मायेने बांधलेला दोरा टाकून देण्याचे तिचे धाडस झाले नव्हते. त्याने विचारले, तिने सगळे सांगितले. एकदा बाप्तिस्मा झाला की कोणी विचारणार नाही, असे म्हणून तिने त्याची विनवणी केली. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. चर्चला जाईपर्यंत काय करायचे ते त्याचे ठरले नव्हते.

खटल्यात तिने गुन्हा कबूल केला. शिक्षा ठरवण्याआधी मॅजिस्ट्रेट साहेबांनी बाळाच्या आईला काय वाटते ते विचारले. ती कडेवर पोर घेऊन उभी होती. म्हणाली, "साहेब, तिनं वाईट केलं. ते अठरा दिवस मी माझ्या शत्रूलाही देणार नाही. पण तिला आत टाकून ते मला परत मिळणार आहेत का? तिच्या नवऱ्यानं नाही म्हटलं नसतं तर आज माझ्या कडेवर काय असतं?" प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल चांगला होता. चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर तिला सोडण्यात आले. मधल्या काळात नवऱ्याने जहाजाची नोकरी सोडून इथेच एका कॅन्टीनमध्ये काम धरले. बायकोला एकटे ठेवायचे नाही, एवढेच कारण त्याने मला सांगितले.

बंधपत्राची मुदत संपल्यावर दोघे माझ्याकडे आले. एका अनाथाश्रमातली दीड वर्षांची मुलगी त्यांना घरी न्यायची होती. ख्रिस्ती कुटुंबांना तेव्हा दत्तकाचा कायदा लागू नव्हता, कोर्टातून पालकत्वाचा आदेश घ्यावा लागे, आणि कोर्टाने पोलिसांचा अहवाल मागवला होता. मी म्हणालो, "जुनी गोष्ट किती लिहायची ते बघतो."

बाई लगेच म्हणाली, "नाही सार. सगळी लिहा. या वेळी काही झाकून आणायचं नाही घरात."

मी सगळे लिहिले. गुन्हा लिहिला, आणि त्या रविवारी काय घडले तेही लिहिले. शेवटी माझे मत लिहिले, की या दांपत्याच्या हाती मूल देण्यास पोलीस खात्याची हरकत नाही. आणि खाली सही केली.

त्या मुलीच्या बाप्तिस्म्याला मला बोलावणे होते. या खेपेला मी बायकोला घेऊन गेलो आणि पुढे बसलो. फुलवाली, ऑटोवाला, आजी, तिन्ही मुली, सगळे आले होते. धाकटी चर्चच्या मधल्या वाटेने पळत होती आणि आजी तिच्यामागे "अगं, देवाचं घर आहे" म्हणत लंगडत होती. फादरांनी तोच प्रश्न विचारला. नवरा "करतो!" असा काही ओरडला, की फादर दचकले आणि सगळे चर्च हसले. ते म्हणाले, "मला कमी ऐकू येतं, पण इतकंही नाही." त्याच्या बायकोने मात्र हळू आवाजात सांगितले, आणि त्या दिवशी तिने कम्युनियन घेतली. हे मला हेड कॉन्स्टेबलने कोपराने डिवचून दाखवले.

जेवताना मी त्या माणसाला विचारले, "त्या दिवशी आम्ही मागे बसलोय हे तुला कळलं होतं का?"

तो गोंधळला. "मागे कुठे? अज्जी समोर येईपर्यंत मला काहीच ठाऊक नव्हतं."

मी पोलीस खात्यात असंख्य कबुल्या घेतल्या. काही भीतीने आल्या, काही पुराव्यापुढे नाइलाजाने, काही वकिलाच्या सल्ल्याने. त्या सगळ्या तोंडाने दिलेल्या होत्या. घेतलेले स्वतःच्या हाताने परत देणारा माणूस मी फार क्वचित पाहिला. आणि त्याला तसे करताना पाहिले त्या दिवशी माझा त्यात काही हात नव्हता. आजीकडून खरे बाहेर आले ते अर्ध्या डब्यावर, आणि या माणसाकडून एका साध्या प्रश्नावर. माझा चढलेला आवाज दोन्ही ठिकाणी बिनकामाचा ठरला. पुढे नवे सबइन्स्पेक्टर माझ्या हाताखाली आले, तेव्हा मी त्यांना चौकशीच्या खोलीत न्यायचो आणि आधी विचारायचो, समोरचा माणूस जेवला आहे का. ते हसायचे. हसू देत. मी त्यांना ही गोष्ट सांगायचो, आणि सांगून झाल्यावर त्यांच्यातला एखादा तरी उठून बाहेर जायचा आणि आतल्या माणसासाठी कॉफी सांगून यायचा.